पत्र्याच्या भोकातला सूर्य (आणि एक फुटलेली काच)

कडक_भाकरी | २६ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी, आधी घडलेलं सांगतो, मग विचारतो.

पोरगा आठवीत गेलाय. वाढदिवसाला दुर्बिणीचा हट्ट धरला, ऑनलाइन मागवली. ७० मिलिमीटरचं भिंग, ७०० मिलिमीटर नाभीय अंतर, तिवई, दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), आणि प्लॅस्टिकच्या डबीत एक छोटीशी काळपट काच, तिच्या कडेवर 'सन' असं कोरलेलं. पुस्तिकेत चित्र होतं: ही काच आयपीसला आट्यांवर फिरवून बसवा आणि सूर्य बघा.

आज सकाळी साडेदहाला गच्चीवर गेलो. आम्ही विजापूर रोडला राहतो. एप्रिलातली साडेदहाची गच्ची म्हणजे काय, ते इथं सांगायला नको. आधी मी डोळा लावला. हिरवट गोळा दिसला, बरं वाटलं. डोळ्यात घाम उतरला म्हणून पुसायला मान वळवली आणि टक् असा आवाज आला, पापड मोडल्यासारखा. आयपीस काढून बघतो तर काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. पुढचा नंबर पोराचा होता. तो 'पप्पा सरका की' म्हणत उभाच होता.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, काच हाताळताना फुटलेली दिसते, परत घेता येणार नाही. ते जाऊ दे. माझे दोन प्रश्न आहेत.

एक, सूर्य बघायचा सुरक्षित मार्ग आहे की नाही? दुसरा पोराचा आहे. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "सूर्यावर कुणी गेलं नाही, जवळ गेलं तर जळून जाईल, मग तिथं हायड्रोजन आहे हे पुस्तकात लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?" मी कॉमर्सवाला. भाकरी मोडत गप्प बसलो.

---

शेंगाचटणी | २६ एप्रिल, रात्री १०:५८

सोलापुरात सूर्य बघायला दुर्बीण कशाला बे? मे महिन्यात तोच खाली येऊन आपल्याला बघून जातो.

मस्करी राहू दे. पोराचा डोळा वाचला, आधी सिद्धेश्वराला नारळ फोडून या.

---

खडू_फळा | २७ एप्रिल, सकाळी ७:१५

कडक भाकरी, नारळ नंतर, आधी ती काच हातोडीने फोडून कचऱ्यात टाका. तडा नसलेली दुसरी मिळाली तरी वापरू नका. बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आहे, त्या हक्काने सांगते.

काय झालं ते समजून घ्या. तुमचं ७० मिलिमीटरचं भिंग जवळपास साडेअडतीस चौरस सेंटिमीटरवरचं ऊन गोळा करतं. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात, म्हणजे तुमच्या भिंगावर पावणेचारच्या आसपास. हे सगळं नळीच्या शेवटाला सहा-साडेसहा मिलिमीटरच्या ठिपक्यात येतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. आणि ती बिचारी काच नेमकी त्या दाण्याच्या तोंडाशी बसवलेली. एका बाजूने तापली, तडकली. आश्चर्य तडकल्याचं नाही, दोन मिनिटं टिकली याचं आहे.

गाळणी लावायचीच तर भिंगाच्या *पुढे*, नळीच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारी. ऊन आत शिरण्याआधीच एक लाखातला एखादा हिस्सा सोडून बाकी बाहेर अडवायचं. अशा फिल्मा सौर निरीक्षणासाठी मिळतात. एक्स-रेचा कागद, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, हे सगळं बाद. डोळ्याच्या पडद्याला दुखायची सोय नाही, भाजलं तरी लगेच कळत नाही.

सगळ्यात बरा मार्ग म्हणजे बघायचंच नाही. दुर्बीण सूर्याकडे, डोळे दुर्बिणीच्या सावलीकडे. सावली सगळ्यात लहान झाली की नळी बरोबर रोखली गेली. मग आयपीसच्या मागे फूटभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरा, त्यावर सूर्य उतरेल. बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण घालून ठेवा, त्यातूनही भाजतं. तुमच्या मोठ्या टोपणात एक लहान टोपण असेल, तेवढंच उघडा, ऊन कमी जाईल. आयपीस प्लॅस्टिकचा असेल तर वितळेल, तेव्हा काचेचा लावा आणि दर मिनिटाला नळी बाजूला वळवून निवू द्या. पोराला एकट्याला गच्चीवर सोडू नका.

त्याचा प्रश्न मोठा आहे. दुपारी सावकाश लिहिते.

---

धोटा | २७ एप्रिल, सकाळी ११:०२

बाईंच्या पुठ्ठ्यावरून आठवलं म्हणून लिहितोय. आमचा पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना, वडिलांच्या वेळचा. टॉवेल निघतात. पत्र्याचं छप्पर, त्याला खिळ्यांची, गंजाची भोकं. लहानपणी कांड्या भरताना जमिनीवरचे उन्हाचे ठिपके मोजायचो. एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात आहे, कुणाला विचारली नाही. वर भोक तिकोनी असो, फाटून लांबट झालेलं असो, खाली ठिपका गोलच. असं का? भोकाच्या आकाराचा का नाही?

---

खडू_फळा | २७ एप्रिल, दुपारी ३:३०

धोटा, तुम्ही लहानपणी कांड्यांबरोबर सूर्य मोजत होता. तो ठिपका भोकाचा नाही, *सूर्याचा* आहे. सूर्य गोल म्हणून ठिपका गोल. भोक पुरेसं लहान आणि जमीन पुरेशी लांब असली की प्रत्येक भोक एक कॅमेरा होतं, भिंग नसलेला. झाडाखाली पडणारे कवडसेही तेच.

तुमच्या पत्र्याची उंची सांगा, ठिपक्याचा व्यास मी सांगते. अंतराला साधारण १०८ने भागायचं.

---

धोटा | २७ एप्रिल, दुपारी ४:१०

आत्ता टेप लावून आलो. पत्रा ५ मीटर २० सेंटिमीटर. दुपार कलल्यामुळे ठिपका तिरका लांबट पडलाय, पण अरुंद बाजूनं मोजला तर आठ सेंटिमीटरच्या आसपास, भोकापासून ठिपक्यापर्यंत तिरकं अंतर नऊ मीटर भरतं. कडा धूसर आहेत, नक्की कुठं धरायचं कळत नाही. कामगार विचारतायत मालकाला काय झालं.

आणि हो, २०१९च्या डिसेंबरातलं २६ तारखेचं ग्रहण आठवलं. सकाळी ढगांच्या फटीतून थोडा वेळ ऊन आलं तेव्हा भिंतीवर सगळे ठिपके कोयरीसारखे झालेले. मी म्हटलं पत्रा हलला की काय.

---

शेंगाचटणी | २७ एप्रिल, दुपारी ४:२२

मालक टेप घेऊन जमिनीवर ओणवा आणि कामगार बघतायत. या धाग्याची वाचनखूण साठवली.

---

खडू_फळा | २७ एप्रिल, रात्री ९:०५

आता पोराचा प्रश्न. तो त्यानेच पहिल्यांदा विचारलेला नाही. ऑग्युस्त कॉन्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये लिहून ठेवलं होतं की ताऱ्यांचं अंतर, आकार, गती कळेल, पण ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. तर्क तुमच्या मुलाचाच. पंचवीस वर्षांत तो खोटा ठरला, आणि खोटा ठरवायला लागणारं सामान कॉन्तच्या आधीच तयार होतं!

न्यूटनने लोलकातून ऊन फाकवून सात रंग दाखवले, ते सगळ्यांना पाठ आहे. म्युनिककडच्या योझेफ फ्राउनहोफर नावाच्या काच कारागिराने १८१४ मध्ये तेच जास्त चांगल्या काचेने केलं. त्याला रंगांच्या पट्ट्यात काळ्या उभ्या रेघा दिसल्या, एकदोन नाही, शेकड्यांनी. त्याने ५७४ रेघा नकाशावर मांडल्या आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी नावं दिली. त्या कशाच्या हे त्याला कळलं नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी गेला.

उत्तर १८५९ मध्ये हायडेलबर्गला किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी काढलं, आणि तो प्रयोग तुमच्या स्वयंपाकघरात रोज होतो. आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते ना? तो मिठातला सोडियम. तो पिवळा प्रकाश फाकवला तर ५८९ नॅनोमीटरच्या जवळ चिकटून दोन पिवळ्या रेघा मिळतात. फ्राउनहोफरची काळी 'डी' रेघ बरोबर त्याच जागी आहे. तापलेला सोडियम जो रंग *देतो*, तोच रंग तुलनेने थंड सोडियमची वाफ मागून येणाऱ्या उजेडातून *खाते*. सूर्याच्या वरच्या थरात सोडियम आहे, म्हणून आपल्याला पोचणाऱ्या उन्हात तेवढा रंग कमी पडतो. लोखंडाच्या रेघा वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या. दुरून लागलेल्या मानहाइमच्या आगीकडे त्यांनी उजेड फाकवणारं हेच यंत्र रोखलं आणि ज्वाळांत बेरियम, स्ट्रॉन्शियम सापडलं. आगीपर्यंत चालत जावं लागलं नाही, मग सूर्यापर्यंत तरी कशाला जायचं?

अर्थात रेघ ओळखणं सोपं, किती माल आहे ते काढणं अवघड. ठळक रेघ म्हणजे जास्त माल असं नाही, तपमानावर सगळं अवलंबून असतं. ते गणित आपल्या मेघनाद साहांनी १९२०च्या सुमाराला मांडलं. ते वापरून सेसिलिया पेन या तरुणीने १९२५च्या प्रबंधात दाखवलं की तारे बहुतांश हायड्रोजनचे आहेत. हेन्री नॉरिस रसेल या तेव्हाच्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने तिला 'हे शक्य नाही' म्हणून सांगितलं आणि तिने प्रबंधात तसं लिहिलंही. चार वर्षांनी ते स्वतःच त्या निष्कर्षाला आले. पुस्तकात लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं, असं पोराने पुन्हा विचारलं तर हे नाव सांगा.

---

देवगडचा_पाहुणा | २८ एप्रिल, सकाळी ९:४०

छान चाललंय, पण हेलियम विसरलात! सूर्यावरचा हेलियम आमच्या विजयदुर्गावर सापडला. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाला इंग्रज खगोलज्ञ लॉकियर साहेब किल्ल्यावर दुर्बीण मांडून बसले होते, ओटे अजून आहेत. सोलापूरकरांनी या बघायला, माशांचं जेवण माझ्याकडे.

---

जुनी_कात्रणं | २८ एप्रिल, दुपारी १:१५

पाहुणे, जेवणाला येतोच, पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. विजयदुर्ग ग्रहणाच्या पट्ट्यात होता, एवढं खरं.

त्या पट्ट्यात आपल्या शेजारची गावंही होती. विजापूरला कॅप्टन हेग आणि जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शी (उजेड फाकवून रेघा दाखवणारं यंत्र) घेऊन उभे होते. हा हर्शेल म्हणजे युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातवंडांतला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेला ज्या लाल ज्वाला दिसतात त्यांचा प्रकाश फाकवायचा, हे सगळ्यांचं काम. काळ्या रेघांऐवजी चकचकीत रेघा दिसल्या, म्हणजे ज्वाला तापलेल्या वायूच्या. त्यांत एक पिवळी होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली.

जान्सेन यांना त्याच दिवशी वाटलं की एवढ्या ठळक रेघा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दिसल्याही. लॉकियरनी २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून स्वतंत्रपणे तेच केलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. फ्रेंचांनी मग दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं.

पिवळी रेघ सोडियमच्या जागी नाही, किंचित बाजूला, ५८७.६ नॅनोमीटरला आहे, हे लॉकियरनी ताणून धरलं. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. पुढची सत्तावीस वर्षं असा वायू कुणाच्या हाताला लागला नव्हता. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजात सापडला. आधी सूर्यावर, मग पृथ्वीवर.

---

देवगडचा_पाहुणा | २८ एप्रिल, दुपारी १:५०

मग ओटे कुणाचे?

---

जुनी_कात्रणं | २८ एप्रिल, दुपारी २:०५

लॉकियरचे नाहीत एवढंच म्हणतोय. मासे रद्द करू नका.

---

गड्ड्याची_जत्रा | २८ एप्रिल, रात्री ८:३०

ग्रहणाचा विषय निघाला म्हणून. १६ फेब्रुवारी १९८०. खग्रास पट्टा रायचूरवरून गेला, इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. सोलापुरातही सूर्याची बारीक कोर उरली असणार. असणार म्हणतो, कारण मी पाहिलीच नाही. वय बारा. आईनं खिडक्यांना चादरी लावल्या (सोलापूरच, चादरींना काय तोटा), पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकलं. नवी पेठ ओस पडली होती. चादरीच्या विणीतून आलेला उजेड भिंतीवर पडलेला आठवतो, त्यात काही कोरी होत्या का ते तेव्हा कुणी बघायला सांगितलं नाही.

रायचूर जिल्ह्यात जवळगेऱ्याला त्या दिवशी शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून बसले होते, हे मला चाळिशीत कळलं. अजून राग येतो, नक्की कुणावर ते माहीत नाही.

---

कडक_भाकरी | १ मे, रात्री ९:२०

सुट्टी होती. बाईंच्या सूचनेनं दुर्बीण पुठ्ठ्यावर उतरवली. कागदावर सूर्य, आणि त्यावर दोन काळे डाग! पोरगा म्हणाला भिंगावर धूळ आहे. नळी हलवली तर डाग सूर्याबरोबर हलले, म्हणजे धूळ नाही. पेन्सिलनं गिरवून ठेवलेत, उद्या परत गिरवणार.

धोटा यांचा पत्रा आमच्याकडे नाही, म्हणून दुसरा उद्योग केला. आरशाचा तुकडा घेतला, त्यावर काळा कागद डकवला, कागदाला वाटाण्याएवढं भोक. तो गच्चीच्या कठड्यावर मातीच्या गोळ्यात रोवला आणि ऊन जिन्याच्या अंधाऱ्या बोळात खालच्या भिंतीवर पाडलं. आरशापासून भिंत ११ मीटर २० सेंटिमीटर. भिंतीवरचा सूर्य १० सेंटिमीटर ३ मिलिमीटर. पोरानं त्रैराशिक मांडलं, सूर्य १५ कोटी किलोमीटरवर धरून. व्यास आला १३ लाख ७९ हजार. पुस्तकात १३ लाख ९२ हजार आहे. कॉमर्सवाल्याचा ताळेबंद जुळला की जो आनंद होतो तो झाला. शेजारीण मात्र वर येऊन विचारून गेली, आरसा नजर उतरवायला लावलाय का.

---

जुनी_कात्रणं | १ मे, रात्री १०:०५

वा! तुम्ही कोडाईकनालची धाकटी आवृत्ती बांधलीत. तिथल्या वेधशाळेत १८९९ पासून काम चालू आहे आणि शंभरहून जास्त वर्षांचे सूर्याचे फोटो आहेत. बोगद्याची मोठी दुर्बीण आहे तिचं तत्त्व तुमच्या कठड्यावरचंच: मनोऱ्यावर सूर्यामागं फिरणारा आरसा, तो ऊन खाली पाठवतो, बोगद्यात ३६ मीटर नाभीय अंतराचं भिंग आणि शेवटी सुमारे ३४ सेंटिमीटरचा सूर्य. परातीएवढा. आरसा फिरतो, बाकी अवजड सामान जागचं हलत नाही. ताऱ्यांसाठी भिंगं-आरसे मोठे करत जावं लागतं, कारण उजेड कमी. सूर्याला उजेडाची ददात नाही, तिथं प्रतिमा लांबवर नेऊन मोठी करायची, म्हणजे फाकवायला पुरते.

त्याच वेधशाळेत, ही बोगद्याची दुर्बीण यायच्या खूप आधी, डागावर बारीक फट धरून जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये रेघा किंचित सरकलेल्या पाहिल्या. वायू जवळ येत असला तर रेघ निळ्याकडे, दूर जात असला तर तांबड्याकडे. त्यावरून डागातला वायू कडेकडे वाहतो हे कळलं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत हेल यांनी डागावरच्या रेघा फाटलेल्या पाहिल्या, चुंबकत्वानं फाटतात तशा. म्हणजे डाग हे सूर्यावरचे लोहचुंबक. आजूबाजूपेक्षा हजार-दीड हजार अंशांनी थंड, म्हणून काळे दिसतात. नुसता डाग आकाशात टांगला असता तर झगझगीत दिसला असता.

---

शेंगाचटणी | १ मे, रात्री १०:३०

एक खरंखुरं विचारतो. एवढं ऊन इथं फुकट आहे, मग सूर्याची वेधशाळा सोलापूरला का नाही?

---

जुनी_कात्रणं | १ मे, रात्री १०:५२

ऊन आहे, हवा नाही. दुपारी होटगी रोडवर लांब बघा, डांबरावर पाणी हलल्यासारखं दिसतं. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेतून सूर्यही तसाच लहरतो. उदयपूरवाल्यांनी म्हणून १९७५च्या सुमारास फतेहसागर तलावातल्या बेटावर वेधशाळा टाकली. पाणी जमिनीसारखं तापत नाही, वरची हवा शांत राहते.

---

शेंगाचटणी | १ मे, रात्री १०:५५

हिप्परग्याच्या तलावात जागा आहे. पाण्याची हमी नाही.

---

माळरान | २ मे, सकाळी ८:१०

आणि सगळ्यात शांत हवा म्हणजे हवाच नसलेली जागा. आपलं सूर्ययान आदित्य एल-१ हे २ सप्टेंबर २०२३ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पोचलं. तिथून पृथ्वी कधी आड येत नाही, रात्र नाही. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची आहे. अतिनील आपल्या हवेत अडतं, म्हणून ते वर गेल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्या एका दुर्बिणीत सूर्याच्या तबकडीवर कायमची टिकली लावून भोवतीचा प्रभामंडल, म्हणजे सूर्याचं बाहेरचं विरळ वातावरण, बघतात, म्हणजे रोजचं ग्रहण. पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि वरचा प्रभामंडल दहा लाखांच्या पुढं, चुलीपेक्षा धूर गरम असं कसं, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

१० मे २०२४ला सूर्यावरून आलेलं चुंबकीय वादळ आठवतं? लडाखमध्ये हानलेला आकाश तांबडं झालं होतं. तो डागांचा पुंजका पृथ्वीच्या पंधरापट रुंद होता, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांना दिसायचा.

---

खडू_फळा | २ मे, सकाळी ११:००

१० मे! माळरान, बरी तारीख काढलीत. सोलापूरचा शून्य सावलीचा दिवस तोच. आपण १७.७ अक्षांशावर, सूर्य त्या दिवशी बरोबर डोक्यावर येतो. बारा वाजता नाही हं. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली, आपण शहात्तरच्या जवळ, त्यामुळे १२ वाजून २२-२३ मिनिटांनी. पुन्हा २ ऑगस्टला, साधारण १२:३३ला, पण तेव्हा ढगांचं काही सांगता येत नाही. (२०२७च्या २ ऑगस्टला तर दुहेरी गंमत आहे: दुपारी सावली नाही आणि नंतर खंडग्रास ग्रहण. खग्रास बघायचं त्यांनी इजिप्तला जावं.)

---

धोटा | ३ मे, रात्री ९:४५

बाई, लोलक नसेल तर ऊन फाकवायचं कसं? हे विचारतोय कारण काल रात्री वेगळंच दिसलं. गॅलरीत वाळत घातलेल्या पातळ रुमालातून लांबचा रस्त्यावरचा दिवा बघितला. दिव्याभोवती फुली. उभी-आडवी ठिपक्यांची रांग, आणि बाहेरच्या ठिपक्यांना आत निळा, बाहेर तांबडा असे रंग. रुमाल फिरवला तर फुली फिरली. आमच्या टॉवेलातून काही दिसत नाही.

---

खडू_फळा | ४ मे, सकाळी ७:४०

तुमच्या धंद्यानेच हा शोध लावला आहे असं म्हणायला हरकत नाही! १७८५च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाला एका गृहस्थाने रेशमी रुमालातून रस्त्याचा दिवा पाहिला, हीच फुली दिसली, आणि रिटनहाउस नावाच्या घड्याळजी-खगोलज्ञाला विचारलं. त्याने दोन बारीक स्क्रूंच्या आट्यांत शेजारी शेजारी केस ताणून जाळी बनवली. नुसता ताणा, बाणा नाही, म्हणून फुलीऐवजी एकच रांग मिळाली. पुढे फ्राउनहोफरने केसांऐवजी तारा ताणल्या. धाग्यांमधलं अंतर जितकं कमी, तितके रंग जास्त फाकतात. तुमच्या टॉवेलाची वीण जाड आणि वर फासे, म्हणून काही नाही.

तुमच्या मागाच्या फणीत इंचाला किती दात?

---

धोटा | ४ मे, सकाळी ८:०५

टॉवेलाला तीसपस्तीस धरा. धागे त्याच्या दुप्पट.

---

खडू_फळा | ४ मे, सकाळी ८:२०

जुन्या सीडीत *मिलिमीटरला* ६२५ रेघा असतात, डीव्हीडीत साडेतेराशे. लोलकाला सुट्टी. चपलांचा खोका घ्या, एका टोकाला दोन ब्लेडच्या पात्यांमध्ये केसाएवढी फट, दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा तिरका, वरून बघायला भोक. फट आकाशाकडे किंवा उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे धरायची. सूर्याकडे नाही.

---

कडक_भाकरी | ७ मे, रात्री १०:१५

तीन खोके वाया गेले, चौथा जमला. फट रुंद राहिली की नुसतं इंद्रधनुष्य, काही उपयोग नाही. पाती जवळ जवळ आणत गेलो, उजेड कमी होत गेला, आणि मग हिरव्यात एक काळी रेघ, निळ्यात एक, आणि पिवळ्यात केसासारखी एक. पोरगा ओरडला, 'डी!'. मला आधी दिसेना, चष्मा काढल्यावर दिसली.

मग स्वयंपाकघर. चमचाभर मिठाचं पाणी गॅसवर शिंपडलं, त्याच जागी पिवळी रेघ. बायकोनं बर्नर पुसून घ्यायला लावला. सात रस्ता चौकातला एलईडी दिवा बघितला, तिथं रेघाबिघा काही नाहीत, निळ्यानंतर एक खड्डा आणि पुढं सलग. घरातल्या जुन्या सीएफएलमध्ये मात्र हिरवी रेघ सुईसारखी.

डाग सहा दिवसांत कागदावर एका कडेकडून बरंच पुढं सरकले. सूर्य फिरतोय, हे पोरानं पेन्सिलनं पकडलं. विक्रेत्याचे पैसे अजून आलेले नाहीत.

---

धोटा | ८ मे, रात्री ९:३०

भाकरी, १० तारखेला पोराला घेऊन कारखान्यात या, बाराला पोचा. पावसाआधी पत्रे बदलायला मिस्त्री आलाय. निम्मे झाले. मागांच्या मधल्या वाटेवरचं एक भोक तेवढं ठेव म्हटलं, तो माझ्याकडं बघतच राहिला. त्या भोकातून ओळंबा सोडणार. बाईंचं खरं असेल तर १२:२२ला ओळंब्याचं टोक बरोबर ठिपक्याच्या मधोमध यायला पाहिजे. नीट लक्ष ठेवावं लागेल, ठिपका मिनिटाला सव्वादोन सेंटिमीटर सरकतो, मी मोजलंय. दोन मिनिटांत निसटतो.

बाई, तुम्हीही या. रिक्षा पाठवतो.

---

खडू_फळा | ८ मे, रात्री ९:४१

येते. ओळंब्याचा दोरा बारीक घ्या आणि पंखा बंद ठेवा, हलेल.

---

धोटा | ८ मे, रात्री ९:४४

पंखा बंद केला तर कामगार मला बंद करतील. पत्र्याखाली ४४ आहे. पाच मिनिटांचं बोलून बघतो.